युगान्तविषयक दृष्टान्तांचे अर्थनिर्णयन (ख्रिस्ती धर्म)

युगान्तविषयक दृष्टान्तांचे अर्थनिर्णयन ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची एक अभ्यासशाखा आहे. बायबलमध्ये जगाच्या शेवटाविषयी जे प्रतीकात्मक दृष्टान्त आले आहेत, त्यांचा अर्थ कोणत्या नियमांनी लावावा, याचा विचार या शाखेत केला जातो. जुन्या करारातील दानीएलाचे पुस्तक आणि नव्या करारातील प्रकटीकरण हे तिचे प्रमुख आधारग्रंथ होत. समुद्रातून वर येणारी श्वापदे, सात शिक्क्यांची गुंडाळी, चार घोडेस्वार, सहाशे सहासष्ट ही संख्या, ख्रिस्ताचे सहस्रवर्षीय राज्य आणि स्वर्गातून उतरणारी नवी यरुशलेम ही त्यांतील ठळक चित्रे आहेत. ही चित्रे लिहिणाऱ्याच्या काळाविषयी बोलतात, वाचणाऱ्याच्या काळाविषयी, की अजून न आलेल्या काळाविषयी, हा या अभ्यासातील मूळ प्रश्न आहे. त्याला दोन हजार वर्षांत अनेक उत्तरे मिळाली. महाराष्ट्रात वऱ्हाडातील वाशीम, अकोला व बुलढाणा या भागात भिन्न परंपरांच्या मिशनांनी काम केल्यामुळे त्यांपैकी काही उत्तरे एकाच प्रदेशात शेजारी शेजारी नांदताना आढळतात.

संज्ञा

मराठीत ‘दृष्टान्त’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. अलंकारशास्त्रात व प्रवचनात एखादे तत्त्व समजावण्यासाठी दिलेल्या उदाहरणाला दृष्टान्त म्हणतात. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथाच्या नावात हा अर्थ आहे. ईश्वराने स्वप्नात किंवा भावावस्थेत घडवलेले दर्शन हा दुसरा अर्थ होय. ‘देवाने दृष्टान्त दिला’ या वाक्प्रयोगात तो दिसतो. मराठी बायबलमध्ये हा शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. येशूने सांगितलेल्या बोधकथांसाठी तेथे ‘दाखला’ हा शब्द योजलेला आहे. दाखला श्रोत्याच्या परिचित जगातून, म्हणजे शेत, मेंढरे, द्राक्षमळा यांतून उचललेला असतो. दृष्टान्तातील रूपे मात्र अपरिचित व अनेकदा भयावह असतात, त्यामुळे त्यांना स्पष्टीकरणाची गरज भासते.

‘अंतकाळ’ हा शब्द मराठीत बहुधा व्यक्तीच्या मरणसमयासाठी वापरला जातो. म्हणून जगाच्या शेवटाविषयी लिहिताना ‘युगान्त’ किंवा ‘युगाची समाप्ती’ असे शब्द अधिक सोयीचे ठरतात. प्रकटीकरणाचे मूळ ग्रीक नाव ‘अपोकालुप्सिस’ असे आहे. झाकलेली गोष्ट उघड करणे हा त्याचा शब्दशः अर्थ असून त्यात विनाशाची कल्पना नाही.

आधारग्रंथ

दानीएलाच्या पुस्तकाचा काही भाग हिब्रू व काही भाग अरामी भाषेत आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात एक पुतळा पाहतो. त्याचे डोके सोन्याचे, छाती चांदीची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड व मातीची आहेत; एक दगड येऊन तो पुतळा फोडतो. सातव्या अध्यायात सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचे चौथे श्वापद समुद्रातून निघते. त्यानंतर सिंहासनावर बसलेल्या पुराणपुरुषासमोर ‘मानवपुत्रासारखा’ कोणीएक येतो आणि त्याला अक्षय राज्य मिळते. परंपरेने हे पुस्तक इ.स.पू. सहाव्या शतकातील मानले जाते. बहुतेक आधुनिक संशोधक त्याची अंतिम रचना इ.स.पू. १६५ च्या सुमारास ठेवतात. त्या काळी सेल्युकिड राजा अँटायोकस चौथा याने यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट केले होते (इ.स.पू. १६७) आणि यहुदी धर्माचरणावर बंदी घातली होती.

प्रकटीकरण हे नव्या करारातील शेवटचे, बावीस अध्यायांचे पुस्तक आहे. पात्म बेटावर असलेल्या योहान नावाच्या लेखकाने ते आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, सात मंडळ्यांना पत्ररूपाने पाठवले. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया व लावदिकीया ही त्या मंडळ्यांची गावे होत. दुसऱ्या शतकातील आयरेनियसच्या साक्षीनुसार हे दर्शन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमारास झाले. काही अभ्यासक ते नीरोच्या मृत्यूच्या आसपासचे, इ.स. ६८ च्या सुमाराचे मानतात. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने भाषाशैलीच्या आधारे हा योहान शुभवर्तमानकार योहानाहून निराळा असल्याचे मत मांडले.

याशिवाय यहेज्केल व जखऱ्या यांची पुस्तके, यशयाचे काही अध्याय, मत्तय २४ व मार्क १३ यांतील येशूचे प्रवचन आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेली पौलाची पत्रे यांचाही या अभ्यासात विचार होतो.

प्रतीकांचा उलगडा

प्रतीकांचा अर्थ लावताना अभ्यासक सामान्यतः तीन आधार क्रमाने घेतात.

पहिला आधार ग्रंथातच दिलेल्या स्पष्टीकरणाचा. प्रकटीकरण १:२० मध्ये सात समया म्हणजे सात मंडळ्या असे सांगितले आहे. अजगर म्हणजे सैतान (१२:९), श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर (१७:९), जलप्रवाह म्हणजे लोक व राष्ट्रे (१७:१५) आणि श्वापदावर बसलेली स्त्री म्हणजे पृथ्वीवरील राजांवर सत्ता गाजवणारे मोठे नगर (१७:१८) असेही उलगडे ग्रंथात आहेत. रोम हे सात टेकड्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध असल्याने पहिल्या वाचकांना हा संकेत समजण्यास अडचण नव्हती. दानीएलाच्या आठव्या अध्यायातही मेंढा म्हणजे मेदी व पारसी राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा हे दूतच सांगतो.

दुसरा आधार जुन्या कराराचा. प्रकटीकरणात जुन्या करारातील वचने क्वचितच सलग उद्धृत केलेली आहेत, परंतु त्यातील बहुतेक चित्रे तेथूनच आलेली आहेत. तेराव्या अध्यायातील श्वापदात चित्ता, अस्वल व सिंह यांची अंगे एकत्र आली आहेत. दानीएलाने वेगवेगळी पाहिलेली साम्राज्ये येथे एका देहात गोळा झाली आहेत. कर्ण्यांनंतरच्या आपत्ती मिसर देशावरील पीडांची आठवण करून देतात.

तिसरा आधार तत्कालीन जीवनाचा. सहाव्या अध्यायातील काळ्या घोड्यावरील स्वाराच्या हाती तराजू आहे. त्या वेळी ऐकू येणाऱ्या घोषणेत एका देनारीला एक माप गहू आणि तीन मापे जव असा भाव सांगितला आहे. देनारी ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती आणि ते माप एका माणसाच्या एका दिवसाच्या अन्नाचे होते. म्हणजे मजुराची सारी कमाई एकट्याच्या पोटाला जाईल आणि कुटुंबासाठी काही उरणार नाही. त्याच घोषणेत तेल व द्राक्षारस यांना धक्का लावू नये अशी आज्ञा आहे. गरिबांचे धान्य महागते आणि श्रीमंतांचा माल मात्र सुरक्षित राहतो, असा अर्थ काही भाष्यकार त्यातून काढतात. इतरांच्या मते खोल मुळांची झाडे तगतील इतपत मर्यादित दुष्काळ तेथे सुचवला आहे. दोन्ही अर्थांमध्ये हे चित्र धान्याच्या बाजारभावाशी जोडलेले राहते.

संख्या

या ग्रंथांतील संख्या बहुधा गुणवाचक आहेत. सात ही पूर्णतेची, चार ही पृथ्वीच्या चार दिशांची, बारा ही इस्राएलाच्या वंशांची व प्रेषितांची संख्या आहे. एक लक्ष चव्वेचाळीस हजार ही संख्या १२ × १२ × १००० अशी सिद्ध होते आणि देवाच्या सर्व लोकांचा समुदाय सूचित करते, असे अनेक भाष्यकार मानतात. साडेतीन वर्षे, बेचाळीस महिने व बाराशे साठ दिवस ही एकाच कालावधीची तीन रूपे होत (महिना तीस दिवसांचा धरल्यास). साडेतीन हे साताचे अर्धे असल्याने छळाचा काळ अपुरा राहणार व संपणार, असा आश्वासक अर्थ त्यात पाहिला जातो.

सहाशे सहासष्ट (१३:१८) ही संख्या ‘माणसाची’ आहे असे ग्रंथ सांगतो. हिब्रू व ग्रीक लिपींत अक्षरांनाच अंकमूल्य असल्याने नावाची बेरीज करता येत असे. भारतीय परंपरेतील कटपयादी पद्धत तपशिलात निराळी असली, तरी अक्षराला अंक मानण्याची कल्पना दोन्हींत समान आहे. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिल्यास ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २०० अशी बेरीज ६६६ होते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ असा पाठ आढळतो. नावाच्या लॅटिन रूपाप्रमाणे शेवटचा ‘न’ गाळल्यास बेरीज नेमकी ६१६ येते. म्हणून नीरोकडे संकेत असल्याचे मत संशोधकांत सर्वाधिक मान्यता पावले आहे, तथापि ते सर्वमान्य नाही. आयरेनियसने अनेक नावे या संख्येत बसतात असे दाखवून घाईने निष्कर्ष काढण्याविरुद्ध सावध केले होते.

अर्थनिर्णयनाच्या चार पद्धती

भूतकालवादी पद्धतीनुसार बहुतेक दृष्टान्त लेखकाच्या काळातील घटनांविषयी आहेत. दानीएलाला पुस्तक मुद्रित करून ठेवण्याची आज्ञा होते (१२:४), तर योहानाला वेळ जवळ आल्याने ते मुद्रित करू नको असे सांगितले जाते (२२:१०). हा भेद या मताचा महत्त्वाचा आधार आहे. स्पॅनिश जेझुइट लुइस दे अल्काझार याचे १६१४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाष्य हे या पद्धतीचे पहिले विस्तृत विवेचन मानले जाते.

इतिहासक्रमवादी पद्धतीत दृष्टान्त म्हणजे प्रेषितांच्या काळापासून शेवटापर्यंतच्या इतिहासाचा आराखडा मानला जातो. गणना १४:३४ व यहेज्केल ४:६ यांच्या आधारे भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष धरण्याचा नियम या पद्धतीत प्रचलित आहे. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारकांनी या पद्धतीने पोपच्या सत्तेला श्वापद ठरवले.

भविष्यवादी पद्धतीनुसार प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायापासूनचा बहुतेक भाग युगाच्या शेवटच्या अल्पकाळात घडावयाचा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को रिबेरा या जेझुइटाने ती मांडली. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने तिला नवे रूप दिले आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफिल्डच्या टीपायुक्त बायबलमुळे तिचा जगभर प्रसार झाला.

प्रतीकवादी पद्धत दृष्टान्तांना ठरावीक घटनांशी जोडत नाही. सत् व असत् यांच्या सर्वकालीन संघर्षाचे आणि देवाच्या अंतिम विजयाचे ते चित्रण आहे, असे ती मानते. आजचे अनेक भाष्यकार या पद्धतींचा मेळ घालतात: चित्रांचा पहिला संदर्भ रोमन साम्राज्याचा, त्यांतील तत्त्व सर्व काळांना लागू आणि अंतिम पूर्तता भविष्यातील.

सहस्रवर्षांचा प्रश्न

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतानाला हजार वर्षे अगाधकूपात बांधून ठेवले जाते आणि त्या अवधीत हुतात्मे ख्रिस्ताबरोबर राज्य करतात. ख्रिस्ताचे पुनरागमन या हजार वर्षांच्या आधी होईल असे मानणारे पूर्वसहस्रवर्षवादी, आणि सुवार्तेच्या प्रसाराने पृथ्वीवर शांततेचे युग आल्यानंतर ते होईल असे मानणारे उत्तरसहस्रवर्षवादी म्हणून ओळखले जातात. हजार वर्षे ही ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून चालू असलेल्या काळाची प्रतीकात्मक संख्या होय, हे तिसरे मत संत ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात मांडले. पुढे रोमन कॅथलिक व अनेक प्रोटेस्टंट परंपरांत ते रूढ झाले.

तारीख ठरवण्याचे प्रयत्न

मत्तय २४:३६ मध्ये त्या दिवसाविषयी व घटकेविषयी कोणालाही ठाऊक नाही असे येशूचे वचन आहे. तरीही गणिताने तारीख काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले. जर्मन पंडित योहान आल्ब्रेख्त बेंगेल (१६८७–१७५२) याने १८३६ हे वर्ष काढले. अमेरिकेत विल्यम मिलर याने दानीएल ८:१४ मधील २३०० दिवस म्हणजे वर्षे धरून आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजून १८४३–४४ हा काळ सांगितला. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. त्यासाठी काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस सरला आणि ‘महानिराशा’ या नावाने इतिहासात नोंदला गेला. १९९३ मध्ये अमेरिकेतील वेको येथे सात शिक्क्यांचा अर्थ आपणच उघडणार असा दावा करणाऱ्या डेव्हिड कोरेश याच्या पंथाला सरकारी यंत्रणांनी वेढा घातला. त्याच्या अखेरीस लागलेल्या आगीत मुलांसह सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

अर्थनिर्णयनातील दुसरा धोका समकालीन माणसांना श्वापद ठरवण्याचा आहे. पोप, ल्यूथर, नेपोलियन व हिटलर यांना त्या त्या काळी ही उपाधी लावली गेली. प्रत्येक पिढीने स्वतःच्या शत्रूचे नाव बेरजेत बसवले. त्यामुळे संख्या जुळणे हा अर्थ बरोबर असल्याचा पुरावा ठरत नाही, असे अभ्यासक दाखवून देतात.

वाशीम जिल्हा व वऱ्हाड

प्राचीन काळी वत्सगुल्म व ब्रिटिश काळी बासीम या नावाने ओळखले जाणारे वाशीम हे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचे मुख्यालय आहे. येथे प्रथम मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनचे काम होते. १९३० च्या दशकात ते चर्च ऑफ द नाझरीनकडे आले. या मंडळीचे जुने केंद्र बुलढाणा येथे होते. डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या नेतृत्वाखाली वाशीमला उभे राहिलेले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ही या मिशनची सर्वांत परिचित संस्था होय.

मेथडिस्ट व नाझरीन या दोन्ही मंडळ्या जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याच्या परंपरेतील आहेत. वेस्लीने नव्या करारावरील आपल्या टिपांत (१७५५) प्रकटीकरणाच्या भाष्यासाठी प्रामुख्याने बेंगेलचा आधार घेतला, परंतु या ग्रंथातील सर्व काही आपल्याला समजले असा दावा केला नाही. पुढे त्याने १८३६ हे वर्ष सांगितल्याची वार्ता पसरली, तेव्हा १७८८ मधील एका पत्रात ते मत बेंगेलचे असून या विषयावर आपले काहीही मत नाही, असा खुलासा त्याने केला. हीच सावधगिरी नाझरीन मंडळीच्या श्रद्धालेखात दिसते. ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान व अंतिम न्याय यांवरील श्रद्धा तेथे स्पष्टपणे सांगितली आहे; सहस्रवर्षांविषयीच्या तीन मतांपैकी एकही बंधनकारक केलेले नाही.

शेजारच्या अकोला भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केले. तिचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन (१८४३–१९१९) हा पूर्वसहस्रवर्षवादी होता. तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा व येणारा राजा अशा ख्रिस्ताच्या चार रूपांवर त्याची शिकवण उभी होती. सर्व राष्ट्रांत सुवार्ता पोहोचल्यावर शेवट येईल या मत्तय २४:१४ मधील वचनाला त्याने मिशनकार्याची प्रेरणा मानले. वाशीम जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो (स्थापना १९५५), त्या कॅथलिक परंपरेत इतिहासाच्या आत पूर्ण होणाऱ्या पार्थिव सहस्रवर्षीय राज्याची कल्पना अमान्य आहे. अशा रीतीने एकाच प्रदेशात तीन भूमिका आढळतात: एक मत ठाम धरणारी, ते नाकारणारी आणि प्रश्न खुला ठेवणारी. पुनरागमनावरील श्रद्धा तिन्हींत समान आहे.

मराठी वाचकांपर्यंत प्रकटीकरण प्रथम श्रीरामपूर (बंगाल) येथील मिशनने १८११ मध्ये छापलेल्या नव्या करारातून पोहोचले. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगाव येथील मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले.

भारतीय कालकल्पनेशी तुलना

प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायातील शुभ्र घोड्यावरील स्वाराची तुलना पुराणांतील कल्की अवताराशी केली जाते. शुभ्र अश्व, शस्त्र आणि अधर्माचा नाश ही साम्यस्थळे उघड आहेत. भेद मात्र मूलगामी आहे. पौराणिक कल्पनेत कलियुग ४,३२,००० वर्षांचे असून त्यानंतर पुन्हा कृतयुग येते आणि चक्र चालू राहते. बायबलमधील काळाला एकच आरंभ व एकच समाप्ती आहे. कल्कीची तलवार त्याच्या हाती असते, तर या स्वाराची तलवार त्याच्या मुखातून निघते. ती शब्दाचे, म्हणजे न्यायनिर्णयाचे, प्रतीक मानली जाते.

महत्त्व

प्रकटीकरणाचे पहिले वाचक साम्राज्यातील अल्पसंख्य लोक होते. श्वापदाची खूण नसलेल्याला खरेदी-विक्री करता येणार नाही (१३:१७) हे वाक्य त्यांच्यासाठी केवळ भविष्यकथन नव्हते. आशियातील शहरांत व्यापारी संघांचे भोजनसमारंभ व सम्राटपूजा यांपासून दूर राहणाऱ्याला व्यवसायात तोटा सोसावा लागत असे. अशा लोकांना लिहिलेल्या या पत्रात सिंहासनाच्या मध्यभागी वधलेला कोकरा उभा आहे (५:६). विजय मारणाऱ्याचा नसून मारल्या गेलेल्याचा आहे, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन असल्याचे बहुतेक आधुनिक भाष्यकार मानतात.

त्यामुळे अर्थनिर्णयनाच्या पद्धतीची निवड वाचकाच्या वर्तनावर परिणाम करते. दृष्टान्तांना वेळापत्रक मानणारे वाचन तारखा व शत्रू शोधू लागते. त्यांना छळाच्या काळी दिलेले आश्वासन मानणारे वाचन धीर, निष्ठा व सत्तेपुढील सावधपणा शिकवते. वेस्लीने १७८८ च्या पत्रात युगान्ताच्या गणिताऐवजी आपल्यापुढील एकमेव काम म्हणून स्वतःचे व आपल्या श्रोत्यांचे तारण सांगितले. वाशीमच्या मंडळीला वारशाने मिळालेली भूमिका हीच आहे.